मेनमध्ये नसलेल्या चार ओळी

तिला सगळे आत्या म्हणायचे. त्याला कारण झालं ते एवढंच, की वीसेक वर्षांपूर्वी तिच्या भावाची मुलगी शाळेच्या सुट्टीत तिचं ऑफिस बघायला आली आणि दारातूनच "आत्या, तुझा डबा घरीच राहिला" म्हणून ओरडली. हॉलमध्ये तेव्हा अठरा माणसं बसली होती आणि त्यातली निम्मी तरी डॉक्टरेटवाली होती. त्या दिवसापासून ती अठराही जणांची आत्या झाली. पुढे खुर्च्या बदलल्या, संचालक बदलले, भावाची मुलगी स्वतः दोन मुलांची आई झाली, तरी आत्या आत्याच राहिली. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

आत्या काम काय करते हे तिच्या सासूला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यात सासूचा दोष नव्हता. संस्थेत धरणांच्या गाळाचा अभ्यास चाले. नदी येताना गाळ घेऊन येते, धरणात शिरली की संथ होते, आणि गाळ तळाशी बसतो. किती वर्षांत किती बसेल आणि पाण्याला जागा किती उरेल, हे सांगणारा एक भलामोठा प्रोग्राम होता. त्याचं कागदोपत्री नाव एका दमात म्हणता येत नसे, म्हणून सगळे त्याला गाळणी म्हणत. सात संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून तो पंचवीस वर्षं लिहिला होता, म्हणजे कसा लिहिला असेल ते वेगळं सांगायला नको. शास्त्रज्ञाला नदी कळते, गाळ कळतो, पण आपण काल काय लिहिलं ते आज कळत नाही.

आत्या या गाळणीची राखणदार. गाळणीची एक अधिकृत प्रत होती, तिला मेन म्हणायचं. कुणाला काही बदल करायचा असला की त्यानं मेनची आपल्यापुरती नक्कल काढायची, तिला ब्रँच म्हणायचं. त्या ब्रँचमध्ये हवी तेवढी मोडतोड करायची आणि काम झालं की आत्याला कळवायचं. मग आत्या ती ब्रँच ओळ न् ओळ वाचून मेनला जोडायची. तो हक्क फक्त तिचा होता, आणि त्याला ती सांधणं म्हणायची. दोघांनी एकाच जागी हात घातला असला तर कॉम्प्युटर मध्येच अडून बसतो आणि विचारतो, यातलं कुणाचं ठेवू? तिथे आत्याचा कस लागायचा. ती दोघांना फोन करायची, दोघांचं ऐकायची आणि शेवटी स्वतःला पटेल तेच ठेवायची.

चुका शोधण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. दर चार वर्षांनी एक धरण गाळणीत एका दिवसात कोरडं ठणठणीत पडायचं. तीन शास्त्रज्ञांनी त्यावर बाष्पीभवनापासून गळतीपर्यंत सगळे तर्क लढवले, एकानं तर अर्धा लेखही लिहून काढला. आत्यानं चहा पिता पिता विचारलं, "वर्षाचे दिवस कुठे मोजलेत?" कुणीतरी तीनशे पासष्टच जागा ठेवल्या होत्या. लीप वर्षाचा शेवटचा दिवस धरणाच्या रकान्यात घुसून सगळं पाणी पुसून टाकत होता. लेख लिहिणारे महाशय आठवडाभर आत्याची नजर चुकवून जिन्यानं जात होते.

तिच्या नाकावर राग असायचा, पण तो कामापुरता. "केलंय, फक्त पाठवायचं राहिलंय" असं कुणी म्हणालं की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "मेनमध्ये नाही, म्हणजे झालेलं नाही." हे वाक्य इतकं गाजलं होतं की सातही संस्थांत लोक ते तिची नक्कल करत म्हणायचे, आणि घरी तिचा नवराही म्हणायचा. नवरा कवळ्या बनवायचा. दातांच्या चार डॉक्टरांची कामं त्याच्याकडे येत, आणि घराच्या मागच्या खोलीत लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे मांडणीवर ओळीनं बसलेले असत. भाजी आणलीस का, असं आत्यानं विचारलं की तो पिशवी दाखवून म्हणायचा, "मेनमध्ये आहे."

आत्याची एक खोड होती. ती कुणाची ब्रँच कधी पुसायची नाही. काम सांधून झालं, माणूस नोकरी सोडून गेला, तरी त्याची ब्रँच सर्व्हरवर तशीच पडून. अशा तीनशे बारा ब्रँच साठल्या होत्या. का ठेवतेस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "असू दे, खायला मागतात का?" साचे न टाकणाऱ्या माणसाशी तीस वर्षं संसार केल्याचा परिणाम असावा.

नवे संचालक आले ते हातात झाडू घेऊनच. तसे ते सज्जन होते, वयानं आत्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, पण पसारा दिसला की त्यांना बेचैन व्हायचं. त्या वर्षी गाळणीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त एका मोठ्या नियतकालिकात लेख जाणार होता आणि त्याच्या शेवटी गाळणी घडवणाऱ्या सगळ्यांच्या नावांची यादी. यादीचा नियम आत्यानंच घालून दिला होता: ज्याची एक तरी ओळ मेनमध्ये आहे त्याचं नाव, बाकी कुणाचं नाही, मग तो कितीही मोठा असो. त्या नियमानं दोन माजी संचालक यादीबाहेर गेले होते आणि एक कॅन्टीनवाला आत आला होता. त्यानं कधीकाळी मदतीच्या पानावरचा एक चुकलेला आकडा दाखवून दिला होता, आणि आत्यानं ती दुरुस्ती त्याच्याच नावावर टाकली होती. एकूण एकेचाळीस नावं झाली.

लेखाची सुरुवात संचालकांनी स्वतः लिहिली होती. त्यात एक वाक्य होतं: "या पंचवीस वर्षांत गाळणीतून कुणाचीही एक ओळसुद्धा हरवलेली नाही, आणि याचं श्रेय एका व्यक्तीला आहे." आत्यानं ते वाक्य वाचलं, "काहीतरीच" म्हणाली, आणि कुणी बघत नाही असं पाहून आणखी दोनदा वाचलं.

सोमवारी संचालक म्हणाले, "आत्या, लेख शुक्रवारी छापायला जातोय. लोक येऊन बघतील, तर घर जरा आवरूया. पाच वर्षांत ज्या ब्रँचला हात लागला नाही त्या काढून टाका."

"मी एकेक उघडून बघेन आणि मग काढेन."

"तीनशे बारा?"

"घाई कुणाला आहे?" असं म्हणून ती जागेवर आली, कारण घाई संचालकांना होती, तिला नव्हती.

सोमवारभर तिनं एकशेचाळीस ब्रँच उघडल्या. प्रत्येकीतलं काम मेनमध्ये आहे ना हे ताडून बघायचं, असेल तर कागदावर क्रमांक लिहायचा. तिला मजाच वाटत होती. कुणी तीन आठवडे झगडून शेवटी एक स्वल्पविराम बदलला होता, कुणी ब्रँचला बायकोचं नाव दिलं होतं आणि पुढच्या ब्रँचला दुसऱ्याच बाईचं. मंगळवारी चहाच्या आधी तिनं दोनशे सातवी ब्रँच उघडली. तिचं नाव होतं "ठिपका", पुढे तारीख. अकरा वर्षांपूर्वीची.

ठिपका म्हणजे एक मुलगी. तीन वर्षांच्या करारावर आली होती, चणीनं लहानखुरी, बोलणं मोजकं. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं हे तिचं काम. कोडचे कागद छापून घ्यायची आणि वाचलेल्या, पटलेल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं ठिपका द्यायची. म्हणून ती ठिपका. जिला ठिपका मिळाला नाही त्या ओळीची धडगत नसे. आत्याला ती पहिल्या महिन्यातच आवडली होती. "ही माझ्या जागी बसेल एक दिवस," असं ती नवऱ्याला म्हणालीही होती.

ब्रँचमध्ये चार ओळी होत्या, तीन वर्षांत तिनं स्वतः लिहिलेल्या तेवढ्याच. धरणाच्या पाण्याचं तापमान रोज मोजतात. पण यंत्र बिघडलं की नोंदीची जागा रिकामी राहते, आणि गाळणी त्या रिकाम्या जागेला शून्य समजायची, म्हणजे बर्फाइतकं गार पाणी. गार पाण्यात गाळ सावकाश बसतो, म्हणजे धरण जास्त वर्षं टिकणार असं खोटंच उत्तर यायचं. ठिपक्याच्या चार ओळी सांगत होत्या, की जागा रिकामी असेल तर शून्य धरू नका, आदल्या दिवसाचं तापमान घ्या.

आत्यानं मेन उघडलं. तिथेही तशाच चार ओळी होत्या. शब्द थोडे वेगळे, अर्थ तोच, आणि त्या ओळींवर नाव आत्याचं होतं. ठिपक्याच्या तारखेनंतर तीन महिन्यांनी लिहिलेल्या.

 ते तीन महिने तिला चांगले आठवत होते. त्या तीन महिन्यांत संस्थेनं एका डोंगराळ नदीवरच्या धरणाचा अहवाल दिला होता. तिथलं यंत्र पुराच्या दिवसांत चाळीस दिवस बंद होतं, चाळीसही दिवस गाळणीनं पाणी शून्यावर धरलं, आणि धरणाचं आयुष्य नऊ वर्षांनी वाढवून सांगितलं. चूक बाहेरच्या माणसानं दाखवली. अहवाल मागे घ्यावा लागला, सगळ्यांसमोर. मग बैठक झाली. रिकाम्या तापमानाची दुरुस्ती कुणाकडे दिली होती, असा प्रश्न निघाला. ठिपक्याकडे.

"मी केली होती," ठिपका म्हणाली होती.

आत्यानं भर बैठकीत मेनमधली ती फाइल पडद्यावर उघडली. चार ओळी तिथे नव्हत्या.

"माझ्या ब्रँचमध्ये बघा ना, आत्या."

आणि आत्या काय म्हणाली होती तेही तिला शब्दन् शब्द आठवत होतं. तिनं चष्मा कपाळावर सरकवला होता. "ब्रँचमध्ये कुणीही काहीही ठेवतं. मेनमध्ये नाही, म्हणजे झालेलं नाही." दोघंतिघं हसलेही होते, त्या वाक्याला सवयीनं हसत तसे. ठिपक्यानं आपले कागद गोळा केले. दोन महिन्यांनी करार संपला, तो पुढे वाढवला गेला नाही. दुसऱ्या संस्थेनंही घेतलं नाही, कारण सातही संस्था एकमेकांना फोन करतात. आत्यानं स्वतः बसून चार ओळी लिहिल्या आणि नव्या अहवालाच्या शेवटी तिचे विशेष आभार मानले गेले.

आता तिनं मेनची जुनी नोंदवही उघडली. ठिपक्याची ब्रँच मंगळवारी तयार झाली होती, आणि काम झाल्याचं तिनं त्याच दिवशी कळवलं होतं. गुरुवारी दुपारी आत्यानं दोन ब्रँच एकदम सांधल्या होत्या, एक ठिपक्याची आणि एक नकाशे करणाऱ्या गृहस्थांची. दोघांनीही त्या एकाच फाइलला हात घातला होता. कॉम्प्युटर अडला असणार, कुणाचं ठेवू म्हणून विचारलं असणार, आणि आत्यानं ओळी न बघता नकाशेवाल्यांची आख्खी फाइल ठेवली होती. खाली तिच्याच हातची नोंद होती: "तापमान आणि नकाशे, दोन्ही सांधलं. सगळं ठीक."

त्या गुरुवारी काय होतं, हे तिनं आठवून बघितलं. आजारपण नव्हतं, भांडण नव्हतं, काही नव्हतं. साधा गुरुवार होता. तसलं काही निघालं असतं तर बरं झालं असतं.

तिनं कागदावर दोनशे सात लिहिलं. पुसायच्या यादीत. काम मेनमध्ये आहे, पाच वर्षांत हात लागलेला नाही, नियमात अगदी चपखल बसतं. पुसलं की संपलं, ताकास तूर लागणार नाही. मग ती उठली, चहा घ्यायला गेली, कॅन्टीनवाल्यानं "आत्या, साखर?" म्हणून दोनदा विचारलं तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. तिला लाज वाटत होती. चूक झाली याची थोडी, पण आता कागदावर तो आकडा आपण लिहिला याची जास्त. परत येऊन तिनं आकडा खोडला, आणि इतका गिरवून खोडला की कागद फाटला.

संध्याकाळी नवरा मागच्या खोलीत एक साचा घासत होता. ती दारात उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं मध्ये एकदाही तिचं वाक्य म्हणून दाखवलं नाही, यावरून त्याला गांभीर्य कळलंय हे दिसलं.

"तिनं बघा म्हणून सांगितलं होतं हो," आत्या म्हणाली. "पाच मिनिटांचं काम होतं. मी बघितलं नाही."

नवऱ्यानं साचा खाली ठेवला. "मागे एका मास्तरांची कवळी माझ्याकडून जराशी उंच झाली होती. आठवतं? डॉक्टरांनी काही पाठवलीच नाही परत. मीही म्हटलं, झकास बसली. सहा महिन्यांनी मास्तर बाजारात भेटले. म्हणाले, माझाच जबडा वाकडा आहे, तुमचं काम चोख आहे."

"मग?"

"मग काय, घरी आणून बसवलं आणि घासून दिली. पण सहा महिने तो माणूस स्वतःच्याच जबड्याला दोष देत जेवत होता." त्यानं हात पुसले. "कुठे असते ती आता?"

बुधवारी सकाळी आत्या संचालकांसमोर जाऊन बसली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मग माणसं अशा वेळी जे करतात तेच केलं, म्हणजे वाट काढायला बसले.

"लेखाच्या आभारात तिचं नाव घालू," ते म्हणाले.

"आभार पाहुण्यांचे मानतात. तिचं काम होतं."

"मग असं करा. मेनमध्ये कुठेतरी एखादी कोरी ओळ, एखादा बिंदू तिच्या नावावर टाका. नियमानं नाव आपोआप यादीत येईल. कुणाला काही विचारायची गरज नाही, आणि नोंदीत काही लिहायचीही गरज नाही."

युक्ती चांगली होती. आत्याला कालपासून सुचली होती, म्हणूनच ती तिला चांगली ओळखून होती. "तिच्या चार ओळी आहेत," ती म्हणाली, "त्याच जातील. माझ्या ओळी काढते, तिच्या घालते. आणि का घातल्या ते नोंदीत लिहिते."

"सातही संस्था नोंदी वाचतात, आत्या. तो अहवाल पुन्हा उकरून निघेल. आणि तो लेख तुमच्याबद्दल काय म्हणतोय..."

"तेच सांगायला आले. ते वाक्य काढा."

संचालकांनी लेखाचा कागद पुढे ओढून त्या वाक्यावर रेघ मारली. मग म्हणाले, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत जे काय असेल ते मेनमध्ये असू द्या." माणूस वाईट नव्हता.

ठिपक्याचा पत्ता मिळायला फारसं अवघड गेलं नाही. ती आता सरकारी वजनमापाच्या कचेरीत होती. दुकानांतले, गोदामांतले काटे तिथे तपासायला येतात. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आत्या तिथे पोचली तेव्हा एका लांब टेबलावर पितळेची वजनं मांडलेली होती आणि ठिपका एक काटा पुसून ठेवत होती. केस कानाजवळ पिकले होते, बाकी तीच. आत्या जिना चढताना काय काय बोलायचं ते मनात घोकत आली होती. त्यातलं तिला एकही वाक्य आठवेना.

"आत्या, तुम्ही?" ठिपका म्हणाली. "बसा ना. पाणी देऊ?"

आत्या बसली नाही. "तू केलं होतंस," ती म्हणाली. "तापमानाचं. मंगळवारी केलंस, मला कळवलंस, आणि गुरुवारी सांधताना माझ्या हातून ते गेलं. काल-परवा सापडलं. बैठकीत तू ब्रँच बघा म्हणालीस, मी बघितली नाही. चूक माझी होती, दोन्ही वेळा माझीच."

ठिपक्यानं हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं.

"मंगळवारी?" तिनं विचारलं.

"मंगळवारी. तारीख आहे त्याच्यावर."

"मला तीन-चार वर्षं खात्री होती की मी केलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मग हळूहळू वाटायला लागलं, की तुम्ही कशाला चुकाल. मीच विसरले असेन. इथे एकेक काटा मी तीनदा तपासते. साहेब हसतात मला. तिसऱ्यांदा तपासताना दर वेळी डोक्यात तेच असतं, की बाई, तुला केलंय असं वाटतं आणि केलेलं नसतं."

 आत्यानं पिशवीतून कागद काढला. त्यावर चार ओळी छापलेल्या होत्या, वर ठिपक्याचं नाव आणि तारीख. "या उद्या मेनमध्ये जातायत, तुझ्या नावावर. पंचवीस वर्षांची यादी निघतेय, तीत तुझं नाव येईल. तू माफ कर असं म्हणायला मी आले नाही. तुला सांगायला आले."

ठिपक्यानं कागद हातात घेतला. आपलं नाव वाचलं, तारीख वाचली. डोळे पुसले, ते फडक्यानंच, आणि फडक्याला काट्याचं तेल असल्यामुळे गालाला काळा डाग लागला. मग तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली. पहिली ओळ वाचून ठिपका दिला. दुसरी वाचून दिला. तिसऱ्या ओळीपाशी पेन्सिल थांबली.

"आत्या, हे चुकलंय."

"काय?"

"आदल्या दिवसाचं तापमान घ्या म्हटलंय. पण पहिलाच दिवस रिकामा असेल तर? आदला दिवसच नाही." ती क्षणभर विचार करत होती. "तिथे परत शून्यच जाईल. तुमच्या ओळींत काय केलंय?"

आत्यानं आपल्या ओळी मनात वाचून बघितल्या. अकरा वर्षं त्या मेनमध्ये होत्या, विशेष आभार मानलेल्या. "माझ्यातही तेच आहे," ती म्हणाली. "पहिलाच दिवस रिकामा असलेलं धरण आजवर आलंच नाही कुठलं."

"येईल की कधीतरी."

अर्ध्या मिनिटात, हातात पेन्सिल घेऊन उभ्या उभ्या. आत्याला एकदम अकरा वर्षांचं वाईट वाटलं, ठिपक्यासाठी तर वाटलंच, पण गाळणीसाठीही वाटलं. ही बाई इथे साखर तोलायचे काटे तपासत होती आणि तिकडे तीन डॉक्टरेटवाले लीप वर्षाच्या एका दिवसावर तर्क लढवत होते.

"मी घरी गेल्यावर नीट करून पाठवते," ठिपका म्हणाली. "मला आत यायला द्याल तर."

"देते. आजच देते."

ठिपका कागद परत देईना. तो घडी करून तिनं वजनांच्या पेटीत ठेवला आणि पहिल्यांदाच आत्याच्या डोळ्यांत बघितलं. "मी ब्रँच करून ठेवेन," ती म्हणाली. "या वेळी बघाल ना?"

आत्यानं मान हलवली. 

शुक्रवारी सकाळी साडेनऊला आत्या जागेवर बसली तेव्हा सर्व्हरवर एक ब्रँच जास्त होती. नाव "ठिपका", पुढे कालची तारीख. आत पाच ओळी होत्या. पाचवी पहिल्या दिवसाची. आत्यानं त्या छापून घेतल्या, ड्रॉवरमधून पेन्सिल शोधून काढली आणि वाचायला बसली. संचालक साडेअकराला येऊन डोकावून गेले, तिनं वर बघितलं नाही. पाच ओळी वाचायला तिनं दोन तास लावले. प्रत्येक रिकाम्या जागेची चाचणी घेतली, पहिल्या दिवसाची, शेवटच्या दिवसाची, सगळं वर्ष कोरं असल्याची. सगळ्या ठिकाणी उत्तर बरोबर आलं.

मग तिनं आपल्या चार ओळी काढल्या, ठिपक्याच्या पाच सांधल्या आणि खाली नोंद लिहिली. "रिकाम्या तापमानाची दुरुस्ती. ही दुरुस्ती अकरा वर्षांपूर्वी झालेली होती. सांधताना ती माझ्या हातून गेली, आणि जिनं केली होती तिनं सांगूनही मी तिची ब्रँच उघडून पाहिली नाही." त्याखाली आपलं पगाराच्या कागदावरचं नाव लिहिलं, कारण आत्या लिहून चाललं नसतं. यादी आपोआप नवी झाली. बेचाळीस नावं.

बाराला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"बघितलीत?" ठिपक्यानं विचारलं.

"बघितली," आत्या म्हणाली. "पाचही ओळींना ठिपका आहे."

 पलीकडून काट्यावर काही ठेवल्याचा आवाज आला, आणि ठिपका म्हणाली, "मग मी आता हा काटा एकदाच तपासते."